ऑर्गनमधली काळी पाच

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. नाशिकमध्ये द्वारका चौकात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे आणि अर्ध्या शहराची भुतं मी मल्टीमीटर लावून पळवलीत. लोक तर म्हणतात, मी नुसता स्क्रूड्रायव्हर दाखवला तरी बंद मिक्सर फिरायला लागतो. थोडं वाढवून म्हणत असतील... पण पुढे जे सांगतोय त्यात एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

इंदिरानगरहून मेधाताईंचा फोन आला. त्यांचे वडील भास्करकाका पूर्वी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजवायचे आणि त्यांच्या मिसेस, विमलकाकू, गायच्या. काकू गेल्या, तेव्हापासून काकांनी वाजवणं सोडलं.

"दादा, ऑर्गन लावला की घूं असा आवाज येतो. बाबा म्हणतात, आई गुणगुणते. लावून नुसते ऐकत बसतात, जेवायलाही उठत नाहीत. तेवढं बंद करून द्या."

भरदुपारी गेलो. ऑर्गन केवढा... रिक्षाच त्याच्यात बसेल एवढा. मागचं झाकण उघडलं, तर पॉवर सप्लायचा कपॅसिटर पुरीसारखा टम्म फुगलेला.

"काका, ही हमिंग आहे. कपॅसिटर गेला की विजेची घरघर स्पीकरमध्ये शिरते."

"हमिंग म्हणजे गुणगुणणंच ना रे? मग मी वेगळं काय सांगतोय?"

मी हसलो. "अहो, वीज सगळीकडे सारखीच. ही घरघर कायम पांढरी पाच या सुराच्या आसपास लागते. ती पट्टी दाबून बघा."

काकांनी पांढरी पाच दाबली. जुळेना. मग न बघताच काळी पाच दाबली... आणि घरघर त्या सुरात साखरेसारखी विरघळली.

"हिची गायची पट्टी," काका म्हणाले.

मी प्लग बदलला, शेजाऱ्यांकडून वायर ओढली. काळी पाच ती काळी पाचच. वर ती मध्येच थांबायची – श्वास घेतल्यासारखी. घरघर श्वास घेत नाही हो!

"काढू नकोस," काका हळूच म्हणाले. "एवढंच उरलंय."

"ठेवला तर फुटेल, काका. ऑर्गनच जळेल."

त्यांनी वाकून तो फुगलेला कपॅसिटर बघितला. मग म्हणाले, "बदल. असल्या सुजलेल्या गळ्यानं तिला किती गायला लावू?"

नवा कपॅसिटर सोल्डर केला, ऑर्गन लावला. शांतता... काकांचा चेहरा उतरला. आवाज बंद करा म्हणणाऱ्या मेधाताईंनीच तोंड फिरवलं.

मग काका वाजवायला बसले. साथ करणाऱ्याची सवय – एक ओळ वाजवायची आणि गाणाऱ्यासाठी जागा सोडायची. त्यांनी बोटं उचलली, जागा सोडली.

त्या जागेत ‘आऽऽ’ असा गाण्यातला आकार आला. काळी पाचवर, बाईच्या गळ्यातला, धुतल्यासारखा स्वच्छ. स्पीकरला लावलेलं माझं मीटर शून्यावर, म्हणजे आवाज स्पीकरमधून येतच नव्हता. मेधाताई ऑर्गनजवळ आल्या. "आई..." एवढंच म्हणाल्या.

काका डोळे मिटून ऐकत होते. "आता मोकळा लागतोय," म्हणाले, आणि पुढची ओळ धरली.

वायरिंग, स्पीकर, माझे स्वतःचे कान... सगळं तपासून झालं. कारण आजतागायत सापडलेलं नाही. मध्यंतरी मेधाताईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

"वाटायचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "दोघांचा रियाज झाला की बाबा जेवायला येतात."