स्टीलचा डबा आणि समोरच्या बाई

आमच्या समोरच्या घरातल्या बाई एके काळी हॉलिवूडमध्ये नटी होत्या, हे मुलाने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, असतील. इथे अमेरिकेत, या कॅरी गावात बघावं तो एक तर कॉम्प्युटरवाला, नाहीतर औषधकंपनीतला. अशा ठिकाणी नव्वदीची एक म्हातारी दारातल्या पत्रपेटीपर्यंत जायला रोज लिपस्टिक लावते, याचं दुसरं कारण मलाही सुचत नव्हतं.

हे गेल्यावर मी मुलाकडे राहायला आले. घर एवढं मोठं, आणि सकाळी आठनंतर त्यात मी एकटी. मुलगा, सून ऑफिसात, नात शाळेत. मला गाडी चालवता येत नाही, म्हणजे इथल्या हिशेबाने मला पायच नाहीत. मी माझ्या खिडकीत बसायचे, समोर बाई त्यांच्या खिडकीत. सहा महिने आम्ही एकमेकींना नुसता हात हलवला. एकटेपणाची सवय होते म्हणतात त्यांना माझा नमस्कार. मला झाली नाही.

मग घरी सत्यनारायण झाला आणि उरलेला शिरा मी डब्यात भरून समोर नेऊन दिला. डबा माझ्या लग्नातला, स्टीलचा, झाकणावर ह्यांचं नाव कोरलेलं. दोन दिवसांनी बाई वॉकर ढकलत स्वतः तो परत घेऊन आल्या. घासूनपुसून लख्ख आणि आत काहीही नाही. माझा चेहरा मला लपवता येत नाही. आयुष्य शाळेत पोरांना दटावण्यात गेलं, ती खोड जाईल कशी? पण रागात इंग्रजी सुचेना, म्हणून मी नातीला हाक मारली.

"यांना सांग, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात."

"आजी, नो! दॅट्स सो रूड," नात म्हणाली. पण सांगितलं.

बाई हसल्या. त्यांच्याकडे शिजवलेलं काही नसायचंच, डबाबंद सूप आणि बिस्किटं. पुढच्या खेपेला डबा आला तेव्हा आत पोस्टकार्डाएवढा एक काळापांढरा फोटो होता.

तिथून ते सुरूच झालं. मी काहीतरी मऊ, गोडसर करून द्यायचं. त्यांनी डब्यात एक फोटो घालून आणायचा, माझ्या किचनमध्ये चहा घ्यायचा आणि फोटोची गोष्ट सांगायची. माझं इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातलं, त्यांचं स्टुडिओने घोटून घेतलेलं, एकेक शब्द सुटा. आमचं छान जमलं.

याच भागातल्या तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याची ही मुलगी. एकोणिसाव्या वर्षी बसने कॅलिफोर्नियाला गेली. स्टुडिओने सात वर्षांचा करार केला आणि आधी नाव बदललं, मग दात, मग भुवया. "माझ्या आईने पहिला फोटो पाहिला आणि विचारलं, ही कोण?" बाई म्हणाल्या. कामं मिळाली ती नर्सची, सेक्रेटरीची, नायिकेच्या मैत्रिणीची. एका फोटोत त्या हातात टेलिफोन घेऊन उभ्या होत्या. "मी नायिकेला फोन आणून द्यायची. माझ्यासाठी कधीच आला नाही."

एकदाच खरं काम मिळालं. चार मिनिटांचा प्रसंग, त्यात त्या एकट्या. सेटवरच्या सुतारांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. सिनेमा लागला तेव्हा त्या आईला घेऊन गेल्या. तो प्रसंग अख्खाच कापून टाकलेला. दिवे लागेपर्यंत आई विचारत होती, आता येशील ना तू?

"त्याचा एक फोटो आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "तो मी तुम्हाला सगळ्यात शेवटी देणार."

मी म्हटलं, "मग सावकाश द्या." कारण त्या आल्या की माझा दिवस भरायचा, आणि मला दिवस भरायला हवे होते.

करार संपला तेव्हा त्यांना कुणी नको म्हटलं नाही. बोलावणंच यायचं थांबलं. त्या गेटवर पास परत करायला गेल्या, तर पहारेकरी अगदी प्रेमाने म्हणाला, राहू द्या, परत करायची गरज नाही. "तेव्हा मला कळलं," बाई म्हणाल्या, "की आता मी कधी आले नाही तरी कुणाच्या लक्षात येणार नाही." मग त्या गावी परतल्या आणि एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसल्या, पुढची तीस-एक वर्षं.

हे सगळं मी कान देऊन ऐकलं होतं, आणि तरीही माती खाल्ली.

एकदा डबा घेऊन येताना बाई फुटपाथच्या कडेला अडखळल्या. पडल्या नाहीत, पण सुनेने पाहिलं. "आई, कशाला देता हो स्टीलचा डबा? आम्ही सगळे दह्याच्या रिकाम्या प्लास्टिक टबमध्येच देतो. परत करायचं टेन्शन नाही. त्या आपल्या दारात पडल्या ना, तर कोर्टकचेरी होऊन केवढ्याला पडेल!" मला पटलं. बाईंचे कष्ट वाचतील असंही वाटलं. मी टबमध्ये खीर नेऊन दिली आणि मोठ्या ऐटीत माझं पुस्तकी इंग्रजी ऐकवलं, परत करायची गरज नाही, टाकून द्या.

बाई क्षणभर टबकडे बघत राहिल्या. मग थँक यू म्हणाल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मी दुसरा टब दिला, तरी आल्या नाहीत. मग मीही गाल फुगवून बसले. मी दोनदा गेले, आता त्यांनी यायला नको? इथे न बोलावता कुणी कुणाच्या दारात जात नाही आणि डबा हेच आमचं आमंत्रण होतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. खिडकीत त्या दिसायच्या. मी पडदा ओढून घ्यायचे. एवढी म्हातारी झाले, पण हट्ट शाळकरी पोरीचा.

महिन्याभराने समोर सामानाचा ट्रक उभा राहिला. मी चपला पायात सरकवून धावले. बाईंची भाची सामान भरत होती. बाईंना तिने तिच्या राज्यात, एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं होतं.

"तुम्हीच ना डबेवाल्या?" ती म्हणाली. "मावशी इथून निघेपर्यंत एक फोटो हातात धरून बसली होती. मी म्हटलं, दे, मी नेऊन देते. तर म्हणाली, डबाच आला नाही, देऊ कशात?"

मी रस्त्यावरच रडले. कुणी बघत नव्हतं, इथे कोणी असतंच कुठे बघायला?

भाचीकडून पत्ता लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू केले, तोंडात विरघळणारे. "आई, प्लास्टिकमध्ये पाठव ना," मुलगा म्हणाला, "स्टील हेवी होतं, शिवाय परत कोण पाठवणार?" मी त्याच्याकडे बघितलं फक्त. तो गुपचूप खोकं घेऊन आला.

ह्यांच्या नावाच्या डब्यात लाडू भरले. नात म्हणाली, नोट मी टाइप करते. नको म्हटलं. माझ्या हाताने, मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं की डबा परत करावा. खाली दोनदा रेघ ओढली. आणि पुढे लिहिलं, रिकामा चालणार नाही.