भावोजींच्या मागची शिस्तीची गाडी

आमचे भावोजी चष्म्याचे दुकानदार. दिवसभर लोकांची नजर तपासायची, पण स्वतः रस्त्यात मागे वळून बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. गेल्या वर्षी सायकलवरून दुकानात जाताना एक ट्रक त्यांच्या कोपराला घासून गेला. ताई म्हणाली, "आता पुरे झाली सायकल." शहाण्या माणसानं ऐकलं असतं. भावोजींनी सीटखाली रडारचा लाल दिवा आणि कॅमेरा बसवून घेतला. मागून गाडी आली की हँडलवरच्या स्क्रीनवर ठिपका उमटायचा.

मग काय, यंत्राचे गोडवे ऐकून गिऱ्हाइकांचे कान किटले. "ट्रक जवळ फिरकत नाहीत! रोज एकच गाडी मागे असते, पण काय शिस्तीची! एकदाही ओव्हरटेक नाही."

त्या आदर्श चालकाचं दर्शन घडवायला त्यांनी रविवारी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि कॅमेऱ्यातलं चित्रण टीव्हीवर लावलं. पडद्यावर त्यांच्याच घरची गाडी होती. चारही इंडिकेटर लावून ताई रस्ता अडवून चालवत होती आणि तिच्या मागे वैतागलेल्या ट्रकांची रांग लागली होती.

इस्त्री करता करता ताई म्हणाली, "ऐकत नाही म्हटल्यावर दुसरं काय करणार?"

भावोजींनी घसा खाकरला. "म्हणजे रडार अचूक आहे," ते म्हणाले.

सोमवारपासून दोघं गाडीतूनच जातात. शेजारी बसून ताईला गाडी चालवायला शिकवता येतं, त्यामुळे भावोजीही खूश आहेत.