रुसलेल्या मामांची मान

माझं डोकं पटकन तापतं. ही लातूरच्या माहेराची देणगी आहे, असं नांदेडला सासरी सगळे म्हणतात. त्यात काम मिळालं एमआरआयचं. दिवसभर काचेमागे बसून माइकवरून "हालू नका" म्हणायचं. माणूस जरा हलला की फोटो पुसट येतो आणि सगळं पहिल्यापासून. या रागानं माझं कधी भलं झालेलं नाही. एकदा मात्र झालं.

मुखेडकडचे एक मामा आले होते. कडब्याची गंजी रचताना वरून थेट मानेवर पडले. सकाळपासून पाय हलत नव्हते. मानेला पट्टा बांधून स्ट्रेचरवरून आणलेले, सोबत मामी. डॉक्टरांना एकच बघायचं होतं, मणक्यांमधून जाणारा मज्जारज्जू तुटलाय की नुसता सुजलाय. मामींनी तेच आपल्या शब्दांत विचारलं, "शीर तुटली आसंल तर ह्ये परत उठायचे न्हाईत ना, ताई?"

"आधी फोटो तर येऊ द्या," मी म्हटलं.

आणि फोटोच येईना. मामा फार सज्जन होते, तीच अडचण. मी म्हणायची, "मामा, हालू नका, बोलू नका." यंत्राच्या आतून उत्तर यायचं, "हाव ताई, न्हाई बोलत." आमच्याकडे कुणी बोललं आणि आपण ओ दिली नाही तर तो त्याचा अपमान. बोललं की गळा हलतो, आणि फोटोत मानेच्या जागी नुसतं धुकं. मग मी गप्प राहून बघितलं, तर यंत्राचा खडखडाट मध्येच जरा थांबल्याबरोबर त्यांनीच चौकशी केली, "ताई, हायत ना तुमी?" तिसरा फोटो बिघडला तेव्हा माझा पारा चढला.

"मामी, यांना गप्प बसवायचं काही औषध आहे का?"

मी चिडून विचारलं होतं, पण मामींनी खरंच विचार केला. "हाय की. रुसले की चार-चार दिस तोंडातून शबूद काढत न्हाईत. कूस बी बदलत न्हाईत."

"मग रुसवा ना."

मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माइकपाशी वाकल्या. "आवो, गंजी रचायची अक्कल न्हाई तर वर चढलात कशाला? आन् त्यो कंधारच्या बाजारातून आनलेला बैल. माझा भाऊ तवाच म्हणला व्हता, ह्यो बैल न्हाई, नुसता कडबा खानारा पाव्हना हाय म्हून. माझा भाऊ खरा निघाला."

आतून हाव नाही की न्हाई नाही.

मी घाईघाईनं यंत्र सुरू केलं. बोअर पाडणाऱ्या गाडीसारखा आवाज होत राहिला आणि मामा धोंड्यासारखे पडून राहिले. इकडे माइक बंद झाल्याबरोबर मामींना रडू फुटलं. "बैल लई गुनाचा हाय, ताई. लेकरावानी जपत्यात त्येला."

फोटो उमटला तो आरशासारखा लख्ख. डॉक्टर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मज्जारज्जूची करडी पट्टी वरपासून खालपर्यंत सलग होती. एका मणक्यामागे तेवढा पांढुरका डाग.

"तुटलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "सूज आहे. वेळ लागेल, पण आशा आहे."

मी काही परक्या माणसाच्या गळ्यात पडणारी बाई नव्हे, पण त्या दिवशी मामींच्या गळ्यात पडले. त्यांच्यापेक्षा मीच जास्त हसत होते.

मामांना बाहेर काढलं. रुसवा काही उतरला नव्हता. नजर छताला लावलेली, ओठ घट्ट. मी म्हटलं, "मामा, शीर शाबूत आहे." तरी हाव नाही. मामींनी मिनतवाऱ्या सुरू केल्या. "आवो, ताईंनी सांगितलं म्हून बोलले मी. बैल चांगला हाय. लई चांगला हाय." मामा गप्पच. शेवटी मामी पायथ्याशी गेल्या आणि समजूत घालायला त्यांनी दोन्ही हातांनी मामांचा उजवा पाय धरला.

मामांनी पाय ओढून घेतला.

इंचभरच. पण मी पाहिला, डॉक्टरांनी पाहिला, आणि मामी आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या.

"परत धरा," डॉक्टर हळूच म्हणाले.

तेव्हा कुठे मामांनी तोंड उघडलं. "आधी म्हन, भाऊ खोटा हाय."

"खोटा हाय," मामी हसत-रडत म्हणाल्या, "सात येळा खोटा हाय," आणि त्यांनी दुसरा पाय धरला.