वस्तऱ्याआधीचे झटके

"अरे, आज नेमका पुतळा झालास?"

"मग काय, डॉक्टरांना नाचून दाखवू?"

"घरी नाचतोसच की! काल जेवताना मान अशी उडाली, तुझा घास माझ्या ताटात!"

"ताई, तिखटमीठ लावू नकोस."

बहीणभावाचं हे भांडण डॉक्टरीणबाई पेन हातात धरून ऐकत होत्या. त्यांना त्याच्या झटक्यांची तीव्रता ठरवायची होती: झटके कोणकोणते, किती वेळा, किती जोरात, कामात अडथळा केवढा.

तो न्हावी. गिऱ्हाइकं लाडानं 'झटका' म्हणत. मान उडायची, डोळे मिचकायचे, घशातून 'हुक्' निघायचं. पण वस्तरा गालाला टेकला की सगळं चिडीचूप. त्याची रीतच होती. आधी बेसिनपाशी जाऊन मान हवी तेवढी उडवून घ्यायची, मगच दाढी. जुनी माणसं तोंडाला फेस लावून निवांत थांबायची. नव्या मालकाला मात्र धडकी भरली. "डॉक्टरांचा शब्द आण, मग वस्तऱ्याला हात लाव." तेव्हापासून तो नुसता केस झाडत होता.

"मला तर सौम्यच दिसतंय," बाई म्हणाल्या.

तो खुलला. ताई भडकली.

"सौम्य? मघाशी जिन्यात बघायचं होतं! तुमचा शिपाई भिंतीला चिकटला!"

"जिन्यात? मुद्दाम केलंत?"

"वस्तऱ्याआधी करतो ना, तसंच. सवय हो," तो बोलून गेला, आणि आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला हे त्याला कळलं.

"घाबरू नका. दाबून धरायला किती त्रास होतो, तेही मला बघायचं असतं. आत्ता झटके येतच नाहीयेत, की तुम्ही धरून ठेवलेत?"

येत नाहीत म्हणावं, तर ताई खोटी पडणार आणि औषधही नाही. धरलेत म्हणावं, तर मालक विचारणार, वस्तरा हातात असताना सुटले तर? आणि खरं काय, हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं? कधी मान तो उडवायचा, कधी आपसूक उडायची. खाज सुटली की खाजवतो ते आपण, की खाजच आपल्याकडून खाजवून घेते?

"बोल की! दातखीळ बसली का?"

मानेखाली मुंग्या यायला लागल्या होत्या. तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि दार उघडून जिन्याकडे चालू लागला.

"अरे, त्या काय विचारताहेत?" ताई मागून ओरडली.

दार आपोआप बंद झालं.