शिलाई मशिनांची ओळखपरेड

उमेदीची सारी वर्षं खाकीत घालवली. खून, दरोडे, दंगली, सगळं पाहिलं. पण कुणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हटलं, की मला आधी आठवतं ते हातानं फिरवायचं एक जुनं शिलाई मशीन, आणि सांगायच्या आधीच हसू येतं.

तेव्हा मी आष्टी तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. दुष्काळाचं वर्ष. टँकरवरची भांडणं सोडवायची आणि चारा छावणीवर बंदोबस्त लावायचा, एवढंच पोलिसांचं काम उरलं होतं. पाडवा झाला आणि ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परतू लागली. अशाच एका सकाळी चाळिशीच्या एक बाई ठाण्यात आल्या.

"सायेब, माझं शिलाई मशीन चोरलं."

आमचे जमादार तिथलेच, जिभेचे तिखट. ते माझ्या कानाशी म्हणाले, "पाणी सोडून दुसऱ्या कशाची तरी फिर्याद आली. नारळ फोडू का?"

बाईंच्या गावात एक रीत होती. कारखान्याला निघताना घरातली चीजवस्तू गावच्या शेती सोसायटीच्या गोदामात ठेवून जायची. खत-बियाणं येत नसल्यानं गोदाम रिकामंच होतं. हंडे, खाटा, पेट्या, प्रत्येकाच्या गाठोड्याला ओळखीची चिंधी बांधलेली. बाईंनी परतल्यावर आपलं गाठोडं सोडलं, तर लुगड्यात मशीनच्या जागी फुटक्या जात्याची तळी निघाली!

"जुनंच होतं ना? एवढं काय त्याचं?" मी विचारलं. आज हा प्रश्न आठवला की माझीच मला लाज वाटते.

"सायेब, तालुक्याला बायांची शिवणाची सोसायटी निघालीय. शाळेच्या लेकरांचे कपडे शिवायचेत. जिचं सोताचं मशीन, तिलाच सभासद करणार. येत्या सोमवारी यादी बंद. मशीन न्हाई मिळालं तर दिवाळीला पुना कोयता हाय माझ्या हातात."

मग मात्र मी जमादारांना फिर्याद घ्यायला सांगितलं.

"मशीनचा नंबर?"

"मला कुठं वाचता येतंय? काळं हाय, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, आन् आतलं दोऱ्याचं शटल होडीवानी लांब. माझ्या आईचं हाय."

त्याच दिवशी गोदामाचा पंचनामा केला. कुलूप शाबूत. किल्ल्या दोन, एक सोसायटीच्या गटसचिवाकडे, दुसरी तिथल्या शिपायाकडे. सचिव परीटघडीच्या कपड्यात, सोनेरी काडीचा चष्मा लावून. आम्ही टेकायच्या आत त्यानं चहा मागवला.

"साहेब, एवढा ताफा कशाला? ते जाम झालेलं लोखंड. कोण नेणार ते?"

बाई उसळल्या. "जाम कावून? निघायच्या आदल्या दिवशी त्याच्यावर लेकीचा परकर शिवलाय मी! लोण्यावानी चालत हुतं."

मी दोघांनाही गप्प केलं. आणि संशयित म्हणून कुणाला उचललं? अर्थात शिपायाला. फाटका सदरा, पायात वहाण नाही, आमच्या डोळ्यांना चोर दिसायला आणखी काय लागतं? दोन दिवस त्याला ठाण्यात बसवून उलटसुलट विचारलं. त्याचं एकच. "सायेब, मला सुईत दोरा ओवता येईना. मशीन घिऊन करू काय?"

तिसऱ्या दिवशी खबऱ्यानं खबर आणली. बीडमध्ये एक म्हातारा मिस्त्री जुनी शिलाई मशिनं गोळा करतो, खोली भरलीय, सगळे त्याला चाचा म्हणतात. आमचे कान टवकारले. बाईंना जीपमध्ये घेतलं आणि थेट त्याच्या दारात उभे राहिलो.

खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत मशिनंच मशिनं! सगळी पुसून लख्ख. मी दरडावून हिशेब विचारला, तर चाचांनी वही पुढ्यात आपटली. प्रत्येक मशीनचा नंबर, कुणाकडून घेतलं, कधी घेतलं, सगळं लिहिलेलं.

"चोरीचा एक पुर्जा जरी निघाला, तर ह्या दाढीला कात्री लावा सायेब. पण आदी बसा. मशीन कसं वळखायचं ते तरी शिकून जा!"

आणि त्यांनी खरोखरच शाळा भरवली. नंबराच्या आधीच्या अक्षरावरून मशीनचं वय कळतं. होडीसारखं शटल गोल बॉबिनच्या आधीचं. सोनेरी नक्षी कुठं झिजलीय त्यावरून शिवणाऱ्याचा हात कुठं टेकायचा ते सांगता येतं. आम्ही चौकशीला आलोय हे मी विसरूनच गेलो. तेवढ्यात चाचांनी बाईंना विचारलं, "माय, जाताना तेल कंचं घातलं हुतं?"

"करडीचं. कोयत्याला लावतो तेच. गंजू ने म्हणून चांगलं वाटीभर वतलं."

चाचांनी कपाळावर हात मारला. "आगं, करडीचं तेल वाळलं की डिंक हुतो डिंक! सा महिन्यांत तुझं चाक बोटभर फिरायचं न्हाई."

मी आणि जमादारांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई निघाल्या तेव्हा मशीन चालत होतं. ते जाम झालं गोदामात, गाठोड्यात. मग ते जाम झालंय हे कुणाला कळणार? ज्यानं लुगडं सोडून चाक फिरवून पाहिलं, त्यालाच!

परत येताना जीप मला फार हळू चालल्यासारखी वाटत होती.

सचिवाला ठाण्यात बोलावलं. आवाज चढवला नाही, उलट या वेळी चहा मी मागवला. खोटं बोलणारा प्रश्नांची तयारी करून येतो, शांततेची करत नाही. त्याचा कप रिकामा होईपर्यंत मी गप्प बसलो, मग विचारलं, "मशीन जाम आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाईंनीच की."

"बाईंना ते कालपर्यंत ठाऊक नव्हतं."

चष्मा निघाला, पुसला गेला, पुन्हा चढला, पुन्हा निघाला. मग सगळं बाहेर आलं. पुण्याकडचे शौकीन जुनी मशिनं घेतात असं त्यानं ऐकलं होतं. गिऱ्हाईकही आणलं, पण चाक फिरेना म्हणून ते निघून गेलं. मशीन त्याच्याच कडब्याच्या गंजीत पडून होतं. बाईंची चूकच मशीनची राखण करत बसली होती.

मशीन जप्त केलं, पण ते बाईंचंच हे सिद्ध करायला हवं. चाचांनी आपली तशीच पाच मशिनं टेंपोतून पाठवली. ठाण्याच्या व्हरांड्यात पंचांसमोर सहा मशिनं ओळीनं मांडली. माणसांच्या ओळखपरेडी मी पुष्कळ घेतल्या होत्या, मशिनांची ही पहिलीच. अख्खं गाव बघायला लोटलं. बाईंनी वेलबुट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रत्येक मशीनच्या लाकडी पाटावरून हात फिरवत गेल्या आणि चौथ्यापाशी थांबल्या. पाटाच्या कडेला चाकूनं पाडलेल्या खाचा होत्या.

"आईला टेपवरचे आकडे कळत नव्हते. ही बाहीची खूण. ही गळ्याची. ही माझी, मी धा वर्साची असतानाची."

पंचांनी डोळे पुसत सह्या केल्या. शनिवारी कोर्टाच्या हुकमानं मशीन सुपूर्दनाम्यावर बाईंच्या ताब्यात दिलं. चाचा स्वतः आले, रॉकेल सोडलं, मशीन दुपारभर उन्हात ठेवलं. चाक फिरलं तेव्हा बाईंनी पहिली शिलाई घातली ती आमच्या जमादारांच्या उसवलेल्या खिशाला. सोमवारी यादीत त्यांचं नाव लागलं.

शिपायाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या सायेब. चा चांगला हुता तुमचा."

या केसनं मला दोन गोष्टी शिकवल्या. संशय कपड्यांवरून घेऊ नये. आणि फिर्यादी दोन गोष्टी सांगत असेल, तर तिला गप्प करण्याआधी तिसरीही ऐकून घ्यावी. गोदामातल्या माझ्या त्या एका दटावणीनं एका गरीब माणसाचे दोन दिवस गेले.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक भरत होते, आणि मी नाक्यावर बंदोबस्ताला होतो. बाई भावाला भाकरीचं गाठोडं द्यायला आल्या होत्या. ट्रक हलला तशी वरून एक बाई ओरडली, "आक्का, चल की गं! जागा हाय!"

"न्हाई बाई," त्या खालून हसत ओरडल्या, "मशीनवर सदरा अर्धा टाकून आलेय मी!"

आणि ट्रक नजरेआड व्हायच्या आत वळून झपाझपा चालायलाही लागल्या.