कानसेनांचा अर्धा सूर

पियानो सुरात लावून देणाऱ्या त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. वडिलांचाही हाच धंदा. पोरगं चार वर्षांचं असताना त्यांनी त्याला पियानोकडे पाठ करून बसवलं आणि कुठली पट्टी वाजली ते ओळखायला लावलं. वर्षभरात पोरगं पडलेल्या वाटीचाही सूर सांगू लागलं. "लहानपणी कान तयार झाला की डोकंही तयार होतं, जागेचा अंदाज येतो," असं वडील छातीठोकपणे सांगत. अंदाजाचं म्हणाल, तर साठी उलटली तरी कपाट जिन्यातून कसं वळवायचं ते कानसेनांना बायकोच दाखवी. कान मात्र पक्का. सूर जुळवायचा पोलादी काटा त्यांनी जन्मात वापरला नाही. वडिलांचा काटा खणात पडून होता.

यंदा शाळेचा पियानो अर्धा सूर चढलेला ऐकून त्यांचं टाळकंच सरकलं. "कुठल्या गाढवाने हात लावला याला?" दोन दिवस घाम गाळून त्यांनी दोनशेवर तारा खाली उतरवल्या. तिसऱ्या दिवशी संगीताच्या बाईंचा फोन आला.

"अहो, पियानोशी बासऱ्या जुळत नाहीत."

"मग बासऱ्या बदला!"

"वीसच्या वीस?"

फोन आपटून त्यांनी खण उघडला. काटा गुडघ्यावर मारून कानाशी धरला. त्यावर 'पांढरी सहा' कोरलेलं होतं. ऐकू आली काळी पाच, अर्धा सूर वरची. पुन्हा मारला. पुन्हा काळी पाच.

"हाही बिघडला!"

"लोखंड कसं बिघडेल?" बायको म्हणाली. "अहो, साठी कानालाही लागते."

ते तिच्यावर खेकसले आणि मग काटा आणखी एकदा वाजवून ऐकला. पियानो चढला नव्हता, त्यांचा कान चढला होता. गाढव कोण तेही कळलं.

पुढचे दोन दिवस काटा दातात धरून, चडफडत, त्यांनी एकेक तार परत वर चढवली. त्यांच्या कानाला तार चुकीची वाटली, की ती बरोबर लागली असं समजून तिथेच थांबायचं होतं. दोनदा राग अनावर होऊन त्यांनी पाना फेकला आणि दोनदा स्वतःच उचलून आणला.

बाईंनी वाजवून पाहिलं. बासऱ्या चपखल जुळल्या.

"वा! कान असावा तर असा."

कानसेनांनी काटा मुठीत लपवला. त्या पियानोतला एकही सूर त्यांना ओळखीचा वाटत नव्हता.