शेवटची अकरा पानं

नाताळच्या सुट्टीत भर दुपारी पंखा बंद करून, खिडक्यांना काळ्या चादरी लावून आणि गार पाण्याच्या टबात पाय बुडवून बसायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर लागोपाठ नऊ वर्षं आली. ही शिक्षा मला दिली आमच्या समोरच्या दारातल्या फिलू टीचरनी. त्यांचं म्हणणं असं, की भयकादंबरीत बर्फ पडत असेल तर ऐकणाऱ्याला थंडी वाजायलाच हवी. आता ठाण्यात डिसेंबरच्या दुपारी थंडी आणायची कुठून? म्हणून टब; आणि मेणबत्ती विझू नये म्हणून पंखा बंद. "भूत पायातून चढतं गो," त्या म्हणायच्या, "डोक्यातून नाय." मला भूत कधी चढलं नाही. दर जानेवारीत सर्दी मात्र न चुकता व्हायची.

फिलोमिना टीचर माजिवड्याच्या जुन्या गावठाणातल्या. त्यांच्या घराण्याची भाताची खाचरं हमरस्त्याच्या पुलाखाली गेली आणि कौलारू घराच्या जागी आमची सात मजली इमारत उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांना त्या जागेच्या बदल्यात मिळाला होता. बिल्डरबद्दल त्यांची एकच तक्रार होती, आणि ती त्या लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवायच्या: "माणसांना फ्लॅट दिले, माझ्या भुतांना नाय दिले." कल्याणच्या एका शाळेत त्यांनी सगळी हयात मराठी शिकवलं. पुस्तक हातात घेतलं की त्यांचं मराठी इतकं शुद्ध, की आमच्या पुण्याच्या मावशीनं मान खाली घालावी. पुस्तक खाली ठेवलं की लगेच गावची बोली. लग्न केलं नव्हतं. भाची ऐलीन त्यांच्याजवळ राहायची.

नाताळ म्हणजे उजेडाचा सण, असं आपलं मला वाटत होतं. टीचरच्या दारावर मात्र काळ्या कागदाची चांदणी लागायची. सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी पहिल्या वर्षी मला हळूच विचारलं, की समोर कुणी गेलं का? येशूच्या जन्माचा गोठा त्या फार निगुतीनं मांडायच्या, गवत, मेंढ्या, गाय सगळं जिथल्या तिथे. आणि छपराला उलटं टांगलेलं कापडी वटवाघूळ. एकदा घरी आलेले फादर म्हणाले, "टीचर, गोठ्यात वटवाघूळ?" टीचर म्हणाल्या, "फादर, गोठाच होता ना? मग वटवाघूळ असणारच. पुस्तकात लिहायचं राहिलं असेल." फादरनी पुढची न्यूरी उचलली. न्यूरी म्हणजे त्यांच्याकडची करंजी. माझा नवरा दरवर्षी त्या टबात पाय घालायला तयार व्हायचा तो निव्वळ या न्यूऱ्यांसाठी.

तर ती कादंबरी. नऊ वर्षं एकच कादंबरी, हे आधी सांगायला हवं होतं. तिला मुखपृष्ठ नव्हतं, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. कुठल्या तरी इंग्रजी कादंबरीवरून बेतलेली असावी. क्लारा नावाची एकटी बाई नाताळात बर्फातून एका हवेलीवर येते आणि वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीतून रोज कुणीतरी दार ठोठावतं. सव्वीस डिसेंबरपासून टीचर रोज दुपारी थोडी थोडी वाचायच्या. सहा जानेवारीला, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाला, क्लारा किल्ली फिरवायची, आणि टीचर शेवटचं वाक्य वाचायच्या: "दार उघडले, आणि क्लाराने पाहिले की". बस्स. पुढची पानंच नव्हती. मग टीचर मेणबत्तीवरून आमच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "शेवट ज्याचा त्यानं करायचा. बोला."

पहिल्या वर्षी मी इतकी वैतागले होते की काय सांगू. बारा दुपारी घालवायच्या आणि शेवटी हे! मी सहकारी बँकेत काउंटरवर बसणारी बाई. मी म्हटलं, "घरात कुणाला कोंडून ठेवलंय म्हटल्यावर पोलिसांना कळवायला नको? पोलीस येतात, पंचनामा होतो, संपलं." ऐलीन हसून हसून टबातलं पाणी सांडायला लागली. टीचर हसल्या नाहीत. "बँकवाली," त्या म्हणाल्या, "भ्यायला पण हिंमत लागते." मग मीही हट्टाला पेटले. दर राजांच्या सणाला ऐलीनच्या खोलीतून कधी आरसा निघायचा, कधी पिशाच्च. माझ्या नवऱ्याच्या खोलीतून खजिना. माझी पाळी आली की पोलीस. टीचर कपाळावर हात मारून घ्यायच्या. स्वतःचा शेवट मात्र त्यांनी एकदाही सांगितला नाही.

सातव्या वर्षी मी चिडून विचारलं, "आम्हाला पिडता, तुम्ही का नाही सांगत?" त्या पाय पुसत होत्या. म्हणाल्या, "मला माझा नको. मला ब्रिजीचा पायजे." ब्रिजी म्हणजे ब्रिजित, त्यांची थोरली बहीण. टीचर नऊ वर्षांच्या असताना नाताळच्या सुट्टीत ब्रिजीनं ही कादंबरी कुठून तरी आणली होती आणि भाताच्या कणग्यांमागे बसून ती धाकटीला वाचून दाखवायची. सणाच्या पवित्र दिवसांत भुताखेताचं वाचन चाललेलं आईनं पकडलं, आणि रागाच्या भरात हातात आली ती शेवटची पानं फाडून चुलीत घातली. पण ब्रिजीनं चोरून पुढचं वाचून ठेवलं होतं. दारामागे कोण ते तिला माहीत होतं. धाकटीनं किती विनवण्या केल्या, तरी ती चिडवत राहिली, "राजांच्या सणाला सांगीन." दोन दिवसांनी तिला ताप भरला, आणि राजांच्या सणाआधी ती गेली.

"मेली सांगून नाय गेली," टीचर म्हणाल्या. "मरायच्या आधी मला कळायला पायजे, तिनं काय वाचलं ते." एवढं बोलून त्यांनी ओला टॉवेल माझ्या अंगावर फेकला आणि न्यूऱ्यांचा डबा आणायला गेल्या. मला पोलिसांची लाज वाटली. पण पुढच्या वर्षीही मी पोलीसच आणले, कारण दुसरं काही मला सुचतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेण्याची मला सवय झाली होती.

पुढे साखरेनं त्यांचे डोळे गेले. गेले म्हणजे माणूस ओळखायच्या, अक्षर नाही. मग वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ऐलीन इंग्रजी शाळेतली, जोडाक्षराला अडखळायची. टबात पाय, हातात मेणबत्ती, नाकावर चष्मा, आणि समोर परीक्षेला बसवल्यासारख्या टीचर. "घाई काय गो? पासबुक वाचतेस काय?" हे वाक्य एका दुपारी मी चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा मी पुस्तक मिटून घरी निघून गेले. दहा मिनिटांनी ऐलीन बशीभर न्यूऱ्या घेऊन आली आणि म्हणाली, "आंटी सांगतेय, पान अठ्ठेचाळीस." माफी वगैरे काही नाही. मी परत गेले.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात डोंबिवलीला नणंदेकडे साखरपुडा होता. परतताना मानपाडा रोडवर रिक्षाची वाट बघत एका रद्दीच्या दुकानाशी उभी होते. सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यावर वरच एक जुनं पुस्तक. चाळा म्हणून पहिलं पान उघडलं. "बर्फ पडू लागला तेव्हा गाडीवानाने मागे वळून न पाहता विचारले, 'बाईसाहेब, आपल्याला नक्की तिथेच जायचे आहे ना?'" माझे पाय तिथे रस्त्यावर गार पडले. नऊ वर्षं ऐकलेलं वाक्य. रद्दीवाला म्हणाला, "सुटं नाय देणार, पूर्ण गठ्ठा घ्यावा लागेल." मी जरीच्या साडीत, दहावीची गाइडं आणि जुन्या दिवाळी अंकांची चळत सांभाळत, तिथूनच टीचरना फोन केला. हीच माझी चूक. आधी वाचायचं, मग फोन करायचा, एवढी अक्कल बँकेत तीस वर्षं काढून मला आली नव्हती.

त्या म्हणाल्या, "सगळी पानं हायेत?" मी म्हटलं, हो, "पाहिले की"च्या पुढची मोजून अकरा. "राजांच्या सणापर्यंत उघडू नको," त्या म्हणाल्या. मी शपथ घेतली. आणि घरी पोचायच्या आत, रिक्षात बसून, शेवटची अकराही पानं वाचून काढली.

काय होतं म्हणता त्या खोलीत? काही नव्हतं. खोली रिकामी होती. खिडकीची कडी सैल होती आणि वाऱ्यानं तावदान आपटत होतं. ते अर्ध्या पानात उरकून लेखकानं उरलेली साडेदहा पानं मृत्युपत्र आणि क्लाराचं वकिलाशी लग्न यांत घालवली होती. एवढा संताप मला त्या नऊ वर्षांत टीचरचाही आला नव्हता. ज्या शेवटासाठी एक बाई जन्मभर थांबली, तो असा खिडकीच्या कडीवर आटोपलेला! माझे पोलीस परवडले.

डिसेंबरच्या मध्यावर टीचरना इस्पितळात हलवलं. हृदय थकलं होतं, अंगाला सूज होती. यंदा चांदणी नाही, गोठा नाही, वाचन नाही. मी भेटायला गेले की त्या एवढंच विचारायच्या, "उघडलं नाय ना?" मी म्हणायची, "नाही." देवाच्या सणात इतकं खोटं मी कधी बोलले नव्हते. ऐलीन म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, काही सांगता येत नाही. काकी, तुम्ही आत्ताच वाचून दाखवा ना." टीचरनी ऐकलं नाही. सण म्हणजे सण.

सहा जानेवारीला चार वाजता मी गेले. ऐलीन औषधं आणायला खाली उतरली होती. टब आणायला नर्सनं परवानगी दिली नसतीच, म्हणून मी हातरुमाल गार पाण्यात भिजवून टीचरच्या सुजलेल्या पावलांवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. मी चष्मा लावला, पान उघडलं. "दार उघडले, आणि क्लाराने पाहिले की". समोर छापलं होतं, खोली रिकामी होती. माझ्या तोंडून ते बाहेर पडेना.

"क्लाराने पाहिले की," मी पुन्हा म्हटलं, "खोलीत एक कंदील जळत होता. कंदिलाशी तिची थोरली बहीण बसली होती, मांडीवर पुस्तक घेऊन." क्लाराला बहीण असल्याचा आधीच्या दोनशे पानांत कुठेही उल्लेख नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. पण आता थांबता येईना. "बहीण म्हणाली, किती उशीर केलास! मी कधीची दार ठोठावते आहे. तुला गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला होता ना? ये, इथे माझ्याजवळ बस. क्लारा आत गेली आणि तिने दार लावून घेतले." एवढं बोलून मी पान उलटलं, उगाच, आवाज व्हावा म्हणून.

टीचरच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे उतरत होतं, ते मी पुसलं. मग त्या म्हणाल्या, "यंदा पोलीस नाय आयले गो?"

माझी चोरी पकडली गेली होती. "नाही आले," मी म्हटलं.

"बरा झाला." त्यांनी चाचपडत माझा हात धरला, पुस्तक नाही. "आता परत सांग. हळू. पासबुक नको."

मी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं आणि परत सांगितलं. त्या दिवशी तीन वेळा सांगितलं. माझा आवाज प्रत्येक वेळी फाटला, आणि एकदाही त्यांनी मला सुधारलं नाही.

त्याच महिन्यात त्या गेल्या. ती पूर्ण प्रत मी ऐलीनला त्यांच्या शवपेटीत, उशाशी ठेवायला सांगितली. वर ब्रिजीनं त्यांना सैल कडीचं सांगितलं असेल तर माझी काही धडगत नाही. सांगू दे. दार आतून नाही, आमच्या बाजूनं ठोठावलं जात होतं, हे ब्रिजीलाही एव्हाना कळलं असेल. मला त्यांची फार आठवण येते, आणि दुपारी पंख्याखाली पडले की राग येतो, की एवढा सुखाचा पंखा या बाईनं मला नऊ वर्षं लावू दिला नाही.

पुढच्या नाताळात ऐलीननं खिडक्यांना काळ्या चादरी लावल्या. मी कुणी न सांगता टब भरला. फाटकी कादंबरी मी हळू वाचली. राजांच्या सणाला "क्लाराने पाहिले की" पाशी येऊन पुस्तक मिटलं, तशी ऐलीन म्हणाली, "काकी, तुम्ही तर छापलेला शेवट वाचलेला ना? आंटीला पण सांगितलेला. आता आम्हाला तरी सांगा, काय होतं?"

माझा नवराही न्यूरी खाता खाता थांबला.

"पोलीस येतात," मी म्हणाले.

"शी, काकी!" ऐलीननं कपाळावर हात मारून घेतला, अगदी तसाच. मी पाय पुसायला टॉवेल शोधू लागले.